पाणी माणशी, जमिनीमागे नव्हे

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातले लाखो शेतकरी आणि शेतमजूर खडी फोडायला बसले होते. त्या कामांची आठवण निघाली की आपण रोजगार हमीवर येऊन थांबतो. पण पाणी कुणाचे, हा प्रश्नही त्याच दिवसांत पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पुढे आला.

पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे यांनी तिथे देवस्थानची 40 एकर माळजमीन कराराने घेतली, बांधबंदिस्ती केली, पाणी अडवले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचताना दचकायला होते. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मोजणीने. माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. खर्चाचा काही वाटा सभासदांनी भरायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. ऊस लावायचा नाही. आणि ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यालाही पाण्याचा वाटा.

ऊसबंदी म्हणजे उसावरचा राग नव्हता, हिशेब होता. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा राहतो आणि तेवढा काळ पाणी पितो. रब्बी ज्वारी काळ्या मातीतल्या ओलीवर आणि एखाद-दुसऱ्या पाळीवर निघते. एका एकर उसाच्या पाण्यात कितीतरी घरांची भाकरी पिकते. भूमिहीनाला वाटा मिळाला की तो जमीनवाल्याशी बरोबरीने बोलू शकतो: जमीन तुझी, पाणी माझे, पीक वाटून घेऊ.

जिथे असे झाले नाही तिथे काय होते, ते आष्टी-पाथर्डीच्या शाळांना विचारा. दसरा उलटला की पट गळू लागतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली, आणि मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम फडावर. (मुकादम हा शब्द अरबी ‘मुकद्दम’वरून आला, अर्थ पुढे चालणारा. जुन्या दख्खनी कागदांत तो गावच्या पाटलाला लावलेला सापडतो.) म्हणजे कोरडवाहू गावचा माणूस दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेले पीक तोडायला जातो.

पाणी पंचायतीच्या सगळ्याच योजना टिकल्या नाहीत. साळुंखे 2002 साली गेले. 2005 मध्ये राज्यात पाणीवापर संस्थांचा कायदा आला. त्यात सभासद धरला तो जमीनधारकच. माणशी पाण्याचा नियम नायगावच्या माळावरून कायद्यात पोहोचला नाही.