दोऱ्याचा हिशेब

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण भूगोलाच्या मास्तराची एक खोड गेलेली नाही. कुठलंही हवाई अंतर मी आधी नकाशावर दोरा ताणून मोजतो. दोरा बायकोच्या शिवणाच्या डब्यातला, काळा; दर 100 किलोमीटरला एक गाठ. हैदराबाद ते मुंबई सहा गाठी आणि वर थोडं, म्हणजे सुमारे 620. रेल्वे वाडी, सोलापूर, पुणे करत जाते, म्हणून तिचे 790 च्या आसपास भरतात. हैदराबादच्या काचीगुड्यातल्या आम्हा मराठी घरांना मुंबई म्हणजे ही रात्रभराची गाडी आणि दशम्यांचा डबा.

आकाशातली रेघ उशिरा उमटली. 15 ऑक्टोबर 1932 ला टाटांचं कराची-मुंबई-मद्रास टपालविमान सुरू झालं, तेव्हा मुंबईपासूनचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंटने बेल्लारीवरून नेला. निजामाची एवढी मोठी राजधानी बाजूलाच राहिली! पुढे 1945 साली हैदराबादची स्वतःची डेक्कन एअरवेज निघाली आणि महायुद्धातून मोकळी झालेली डकोटा विमानं बेगमपेठच्या विमानतळावरून उडू लागली. इतर कंपन्यांनी बाई म्हणून नाकारलेल्या प्रेम माथुर यांना 1947 मध्ये वैमानिक म्हणून घेतलं ते याच कंपनीने. मला तिचं कौतुक वाटतं ते विमानांपेक्षा यासाठी. 1953 च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विरून गेली.

माझे मामा डकोटाने मुंबईला गेले होते. आत हवेचा दाब राखायची सोय नव्हती. मामांच्या कानात कापूस, खिशात लिंबाच्या गोळ्या. ताशी 270 किलोमीटर धरले तर 620 ला सव्वादोन तास. आजचं जेट ताशी 800 ने जातं, म्हणजे पाऊण तास पुरायला हवा. वेळापत्रक मात्र सव्वा ते दीड तास सांगतं. वर्गात हे गणित मांडलं की पोरं म्हणायची, “सर, उत्तर चुकलं.”

उत्तर बरोबर होतं, प्रश्न अपुरा होता. छापलेली वेळ चाकांपुढची अडण काढल्यापासून ती पुन्हा लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढण, उतरण सगळं त्यात आलं. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एका वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत आणि विमानं वर घिरट्या घालतात.

आणि घरापासूनचा वेळ? तो कुठल्याच वेळापत्रकात नसतो. बेगमपेठला आम्ही रिक्षाने अर्ध्या तासात पोचायचो. 23 मार्च 2008 ला शहराबाहेर दूर शमशाबादचा विमानतळ सुरू झाला, बेगमपेठची प्रवासी विमानं थांबली, आणि जेटने वाचवलेला तास आमच्या गल्लीपुरता तरी रस्त्यावर गेला. दोऱ्याच्या गाठी मात्र तेवढ्याच आहेत.

डकोटाची सव्वादोन तासांची वेळ मी भागाकाराने काढली आहे. तुमच्या माळ्यावर डेक्कन एअरवेजचं जुनं वेळापत्रक सापडलं तर रद्दीत घालू नका. मला ताळा करून पाहायचा आहे.