कुडा आणि अडुळसा : औषधिनामांचा इतिहास

१९०७ मध्ये वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने नाशिक येथे अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाचा प्रारंभ झाला. प्रांतोप्रांतीच्या वैद्यांना एकत्र आणण्याच्या या उद्योगात भाषेचाही एक प्रश्न अनुस्यूत होता. मराठी वैद्य एखादी वनस्पती ज्या नावाने ओळखतो, त्या नावाने बंगाली वा गुजराती वैद्य ती ओळखतोच असे नाही. आणि औषधाच्या बाबतीत नावाची चूक रोग्याच्या जिवाशी येते. मराठीत ‘वनौषधिगुणादर्श’ रचणाऱ्या पदे यांच्या कार्याचे मोल या दृष्टीनेही जोखले पाहिजे. रक्त, पचन व श्वसन यांच्या विकारांवर वापरल्या जाणाऱ्या कुडा आणि अडुळसा या दोन वनस्पतींच्या नावांवरून त्या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते.

कुडा हा त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या भागांतील पानझडी रानांत आढळणारा वृक्ष. त्याची साल अतिसारावर, विशेषतः रक्त पडत असल्यास, देण्याचा प्रघात जुना आहे. चरकसंहितेत श्रेष्ठ द्रव्यांच्या गणनेत कुटजाच्या सालीला रक्तसंग्राहक म्हणून स्थान दिलेले आहे. अडुळशाचा पाला खोकला व दमा यांवर, तसेच रक्तपित्तावर उपयोगात आणला जातो. संस्कृत ‘कुटज’ यापासून मराठी ‘कुडा’, आणि ‘आटरूषक’ यापासून ‘अडुळसा’ ही रूपे सिद्ध झाली. दोहोंतही स्वरमध्यस्थ ‘ट’चा ‘ड’ झालेला आहे. प्राकृतातून मराठीत आलेल्या शब्दांत हा बदल नियमाने दिसतो. अर्थात ही नावे अलीकडे ग्रंथांतून उचललेली नाहीत. ती लोकांच्या मुखात अखंड चालत आलेली आहेत. उलट कुटजारिष्ट, वासावलेह ही तयार औषधांची नावे तत्सम आहेत. झाडाचे नाव लोकांचे आणि कल्पाचे नाव शास्त्राचे, असे हे दोन थर होत.

यांपैकी लोकांच्या नावात शास्त्राला उपयोगी पडणारा भेद जपला गेला होता. मराठीत ‘पांढरा कुडा’ आणि ‘काळा कुडा’ हे दोन वेगळे वृक्ष आहेत. पहिल्याला वनस्पतिशास्त्रात होलॅऱ्हेना, तर दुसऱ्याला राइटिया म्हणतात. पहिल्याचे बी, म्हणजे इंद्रजव, कडू. दुसऱ्याचे तसे नाही. अतिसारावर गुणकारी साल पहिल्याची. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता याने अतिसारावरील एका वनस्पतीचे वर्णन केले असून ती पांढरा कुडाच होय असे अभ्यासक मानतात. पुढे ही साल ‘कॉनेसी’, ‘तेलिचरी’ अशा नावांनी युरोपात गेली. या व्यापारी नावांत पांढऱ्या-काळ्याचा भेद उरला नाही. काळ्या कुड्याची साल पांढऱ्याच्या सालीत मिसळू लागली, गुण येईना, आणि तेथे औषधाची पत घसरली. दोष सालीचा नव्हता. गळून पडलेल्या विशेषणाचा होता. पुढे १८५८ मध्ये मुंबईत हेन्स यांनी सालीतील क्षारतत्त्व वेगळे केले. ‘कॉनेसीन’ या त्याच्या नावात व्यापाऱ्यांचेच नाव टिकून राहिले. विसाव्या शतकात आमांशावरील औषध म्हणून कुड्याचे कल्प पुन्हा प्रचारात आले ते ‘कुर्ची’ या बंगाली नावाने.

अडुळशाची कथा निराळी आहे. १८८८ मध्ये डेव्हिड हूपर यांनी त्याच्या पानांतून वेगळ्या केलेल्या द्रव्याचे ‘वासिसीन’ हे नाव संस्कृत ‘वासा’ या शब्दाशी उघड नाते सांगते. याच द्रव्याच्या घडणीवरून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन, आणि त्यावरून अँब्रोक्सॉल सिद्ध झाले. ब्रोमहेक्झिन हे नाव ब्रोमीन व हेक्झिल या रासायनिक संज्ञांवरून घडलेले आहे. रेणूची रचना सांगणारे म्हणून ते अचूक खरे; परंतु त्यात वासाही नाही आणि अडुळसाही नाही. शेताच्या बांधावर अडुळशाचे कुंपण करणाऱ्या शेतकऱ्याला औषधाच्या दुकानातील बाटलीशी त्या कुंपणाचे असलेले नाते कळण्यास नावाचा काहीच आधार उरलेला नाही.

नावाने दोन कामे करावयाची असतात : वस्तू नेमकी दाखवावयाची आणि ती कोठून आली हे सांगावयाचे. ‘कॉनेसी’ने दुसरे काही अंशी केले, पहिले केले नाही, ‘ब्रोमहेक्झिन’ पहिले करते, दुसरे करीत नाही. ‘पांढरा कुडा’ या साध्या मराठी नावाने मात्र दोन्ही साधले होते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आज आधुनिक वैद्यक व आयुर्वेद या दोन्ही विद्याशाखा येतात. ज्या नगरीत १९०७ मध्ये वैद्य एकत्र आले, तेथेच ही दोन परिभाषाकुले आता शेजारी नांदत आहेत. त्यांचा तौलनिक कोश करू पाहणाऱ्याने संस्कृत व लॅटिन नावांबरोबर रानातील माणसाच्या मुखातील विशेषणेही टिपून ठेवली पाहिजेत. कुड्याच्या बाबतीत निर्णायक भेद तेवढ्यातच होता.