जीवनचिन्हे (शुश्रूषेतील)

तापमान, नाडी, श्वसन, रक्तदाब आणि रक्तातील ऑक्सिजन यांची परिचारिकेने ठरावीक वेळाने केलेली मोजणी. वॉर्डात यातील पहिल्या तिन्हींना ‘टीपीआर’ म्हणतात. विश्रांतीत प्रौढाची नाडी मिनिटाला 60 ते 100, श्वास 12 ते 20 असतात. एका आकड्यापेक्षा आधीच्या नोंदींच्या तुलनेत झालेला बदल अधिक बोलका असतो.

सर्वांत उपेक्षित चिन्ह श्वसनाचे. कैक तक्त्यांत ओळीने ‘20’ दिसतो, तो बहुधा अंदाज असतो. श्वास मोजले जात आहेत हे रुग्णाला कळल्यास त्यांची लय बदलते, म्हणून नाडी मोजत असल्याचे भासवत छातीकडे पाहावे. लहान मुलाचे श्वास पूर्ण मिनिटभर, मूल शांत असताना मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात 60, वर्षाच्या आत 50 आणि पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास न्यूमोनियाची शंका दर्शवतात.

गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचे श्वासमापक बनवले. वाळूचे घड्याळ मिनिट दाखवते, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मोजणीला साक्षरता लागत नाही, हे त्यातून दिसले.

तापमानाच्या एकाच नोंदीवरही विसंबता येत नाही. मध्य प्रदेशातील लामता-बालाघाटच्या जंगलपट्ट्यात हिवताप जुना. त्यातला ताप चढतो-उतरतो, त्यामुळे तपासणीच्या क्षणी तापमान सामान्य असले तरी हिवताप नाही असे ठरत नाही. रक्त तपासावेच लागते.

बोट गार असल्यास किंवा नखपॉलिश असल्यास रक्तातील ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो.