इंदिरादेवी (कूचबिहार)

महाराणी इंदिरादेवी (माहेरचे नाव: इंदिराराजे गायकवाड, जन्म: १९ फेब्रुवारी १८९२, मृत्यू: ६ सप्टेंबर १९६८, मुंबई) या बडोदा संस्थानच्या राजकन्या व कूचबिहार संस्थानच्या महाराणी होत्या. मराठा राजघराण्यात ठरलेला विवाह स्वतः मोडून त्यांनी बंगालकडील ब्राह्मो राजघराण्यात विवाह केला. पुढे मुलाच्या अल्पवयात कूचबिहारचा कारभार त्यांनी राजप्रतिनिधी म्हणून पाहिला.

माहेर

इंदिराराजे या महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) व त्यांच्या द्वितीय पत्नी महाराणी चिमणाबाई यांच्या एकुलत्या एक कन्या होत. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. १८७५ मध्ये ते बडोद्याच्या गादीवर दत्तक आले. चिमणाबाई या देवास येथील घाटगे घराण्यातील होत्या. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या चिमणाबाईंनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयी १९११ मध्ये इंग्रजीत सहलेखनाने ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२७ मध्ये पुणे येथे भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा होत्या.

वाग्दान व विवाह

इंदिराराजे यांचा विवाह ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी ठरला होता. माधवराव वयाने पंधरा वर्षांहून मोठे व आधीच विवाहित होते. बडोदा व ग्वाल्हेर ही दोन्ही २१ तोफांच्या सलामीचा मान असलेली मराठा संस्थाने असल्याने या संबंधाला राजकीय महत्त्व होते. डिसेंबर १९११ मधील दिल्ली दरबाराच्या वेळी इंदिराराजे यांची कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्रनारायण यांच्याशी ओळख झाली. त्यानंतर त्यांनी माधवरावांना स्वतः पत्र लिहून वाग्दान मोडले. या पत्राचा अर्थ विचारणारी माधवरावांची तार आली, तेव्हा सयाजीराव व चिमणाबाई यांना ही गोष्ट कळली.

जितेंद्रनारायण हे महाराज नृपेंद्रनारायण व ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांच्या कन्या सुनीतीदेवी यांचे पुत्र होत. कूचबिहारला १३ तोफांची सलामी होती, शिवाय हे घराणे मराठा नव्हते. त्यामुळे बडोद्यातून या विवाहाला तीव्र विरोध झाला. कन्येचा निश्चय ढळत नाही असे पाहून अखेर आईवडिलांनी नाइलाजाने संमती दिली. १९१३ मध्ये लंडन येथे ब्राह्मो पद्धतीने हा विवाह झाला. वधूचे आईवडील त्यास उपस्थित नव्हते.

राजप्रतिनिधित्व

सप्टेंबर १९१३ मध्ये थोरले बंधू महाराज राजेंद्रनारायण यांचे निधन झाल्याने जितेंद्रनारायण गादीवर आले. डिसेंबर १९२२ मध्ये त्यांचाही मृत्यू झाला. ज्येष्ठ पुत्र जगद्दीपेंद्रनारायण त्या वेळी अवघे सात वर्षांचे असल्याने इंदिरादेवी यांनी राजप्रतिनिधी म्हणून कारभार स्वीकारला. १९३६ मध्ये पुत्र सज्ञान झाल्यावर त्यांनी ही जबाबदारी सोडली. कूचबिहार संस्थान १९४९ मध्ये भारतात विलीन झाले आणि १ जानेवारी १९५० पासून पश्चिम बंगालचा जिल्हा बनले.

अपत्ये व नातेसंबंध

इंदिरादेवी यांना दोन पुत्र व तीन कन्या होत्या.

* इलादेवी (१९१४–१९४५): विवाह त्रिपुराच्या राजघराण्यात.
* जगद्दीपेंद्रनारायण (१९१५–१९७०): कूचबिहारचे अखेरचे सत्ताधारी महाराज.
* इंद्रजितेंद्रनारायण (१९१८–१९५१): विवाह पिठापुरमच्या घराण्यात.
* गायत्रीदेवी (१९१९–२००९): विवाह १९४० मध्ये जयपूरचे महाराज सवाई मानसिंह (दुसरे) यांच्याशी; १९६२ मध्ये स्वतंत्र पक्षातर्फे लोकसभेवर निवड.
* मेनकादेवी: विवाह देवास (धाकटी पाती) येथील पवार घराण्यात.

मेनकादेवींच्या विवाहामुळे चिमणाबाईंच्या माहेरगावाशी या कुटुंबाचा पुन्हा संबंध जुळला.

प्रभाव

शिफॉनची साडी भारतीय उच्चभ्रू वर्गात रूढ करण्याचे श्रेय इंदिरादेवी यांना दिले जाते. त्यांनी वैधव्यातही सार्वजनिक जीवन सोडले नाही. मात्र स्वतः विरोध पत्करून विवाह केलेल्या इंदिरादेवी गायत्रीदेवींच्या विवाहाला सुरुवातीस अनुकूल नव्हत्या. मानसिंहांच्या दोन राण्या आधीच हयात होत्या. गायत्रीदेवींच्या १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मचरित्रात आईच्या जीवनाचे व बडोद्याच्या आजोळाचे सविस्तर वर्णन आहे.