मद्रासची एक खोडलेली नोंद

चेन्नईस बदली होऊन गेलेल्या आमच्या वाचकांपैकी काहींनी नुंगंबाक्कम येथील हवामान खात्याच्या आवारातला ग्रॅनाइटचा जुना स्तंभ पाहिला असेल. १७९२ साली तेथे उभारलेल्या वेधशाळेचे यंत्र या स्तंभावर बसविलेले होते. वेधशाळेचे काम १८९९ मध्ये कोडाईकनालला गेले आणि स्तंभ मागे राहिला. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याभोवती एखादा ग्रह फिरत असावा, असे प्रत्यक्ष वेधांच्या आकड्यांवरून सांगण्याचा बहुधा पहिलाच प्रयत्न १८५५ मध्ये याच जागेहून झाला, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

तो करणारे गृहस्थ कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब. मूळचे कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातील इंजिनिअर. मोजणी खात्याची नोकरी सांभाळून त्यांनी १८४२ मध्ये पुण्यास खासगी वेधशाळा थाटली आणि तेथून पाहिलेल्या २४४ जोडताऱ्यांची यादी सिद्ध केली. दिवसा सरकारचे काम आणि रात्री आकाशाचे, हा त्यांचा क्रम आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही! १८४८ मध्ये मद्रास वेधशाळेचे संचालकपद त्यांच्याकडे आले.

भुजंगधारी समूहातील ७० क्रमांकाचा तारा हा एक जोडतारा आहे. सुमारे ८८ वर्षांत त्यातील दोन तारे एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. गणिताने काढलेली कक्षा आणि दुर्बिणीतून मोजलेले स्थान यांत अल्पशी तफावत राहते, आणि ती विशिष्ट क्रमाने वाढते व घटते, असे जेकब यांना दिसले. न दिसणारे तिसरे पिंड त्या ताऱ्यांपैकी एकाला ओढत असेल, तर असे घडू शकेल, हा त्यांचा तर्क. हे पिंड ग्रहरूप असणे अतिशय संभवनीय आहे, एवढेच त्यांनी म्हटले. निश्चित आहे असे म्हटले नाही. हा फरक आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

पुढे १८९६ मध्ये अमेरिकेतील टी. जे. जे. सी यांनी त्याच ताऱ्याभोवती ३६ वर्षांत प्रदक्षिणा करणारा अदृश्य सोबती असल्याचे मोठ्या आवेशाने मांडले. १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टन यांनी गणिताने दाखवून दिले की अशा कक्षेत तिसरे पिंड टिकणेच शक्य नाही. सी यांनी त्यावर इतके जहाल पत्र लिहिले की त्या नियतकालिकाची दारे त्यांना बंद झाली. तफावत आकाशात नव्हती, मोजमापात होती. डोळ्याने सूक्ष्म अंतरे मोजताना जी चूक होते, तिलाच ग्रहाचे रूप मिळाले होते.

जेकब यांना हे कळावयाचे नव्हते. प्रकृती ढासळल्यामुळे १८५९ मध्ये त्यांनी मद्रास सोडले. पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभारावी या हेतूने, पार्लमेंटने मंजूर केलेले १००० पौंड आणि स्वतः विकत घेतलेली नऊ इंची दुर्बीण यांच्या बळावर, ते १८६२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईस उतरले. थोड्याच दिवसांत, १६ तारखेला, पुण्यास पोहोचताच त्यांचे निधन झाले.

ग्रहांच्या यादीत खऱ्या नोंदी होऊ लागल्या त्या फार उशिरा. १९९२ मध्ये वोल्शचान आणि फ्रेल यांना एका स्पंदक ताऱ्याभोवती ग्रह आढळले. १९९५ मध्ये मेयर आणि केलो यांनी पेगॅसस समूहातील ५१ व्या ताऱ्याचा ग्रह शोधला. तो वस्तुमानाने गुरूच्या निम्मा, पण सव्वाचार दिवसांत प्रदक्षिणा संपविणारा. ताऱ्याची डुलणी हाच त्यांचाही पुरावा, फक्त ती स्थानावरून नव्हे, वर्णपटावरून मोजलेली. अशा ग्रहांसाठी ‘तप्त गुरू’ हा वर्ग नव्यानेच करावा लागला, कारण आपल्या सूर्यमालेत त्याला जोड नाही.

मान्य नोंदींची संख्या २०२२ मध्ये ५००० च्या आणि २०२५ मध्ये ६००० च्या पुढे गेली. तरीही दोन प्रमुख सूचींतील आकडे जुळत नाहीत. पॅरिसची सूची गुरूच्या ६० पट वस्तुमानापर्यंतच्या पिंडास जागा देते, अमेरिकेची नासाची सूची ३० पटींशी थांबते. आणि पिंडाच्या गर्भात ड्यूटेरियम पेटू लागते ती मर्यादा आहे १३ पटींची. ग्रह कोणास म्हणावे याचा निर्णय निसर्गाने दिलेला नाही, तो नोंद ठेवणाऱ्यालाच करावा लागतो. नासाच्या सूचीत म्हणूनच ‘संभाव्य’ आणि ‘निश्चित’ असे वेगळे रकाने आहेत. नोकरीतल्या हंगामी आणि कायम या भेदाची आठवण होते, एवढेच की येथे कायम झालेल्यासही काढून टाकतात! एचडी ११४७६२ या ताऱ्याचा सोबती १९८९ पासून ग्रह असण्याची शक्यता बाळगून होता. गाया उपग्रहाच्या मोजमापांनी तो गुरूच्या शंभरपटींहून जड, म्हणजे लहानसा ताराच ठरला.

भुजंगधारीतील ७० व्या ताऱ्याभोवती आजवर एकही ग्रह निश्चित झालेला नाही. पुण्याच्या २४४ जोडताऱ्यांची यादी मात्र १८४८ च्या सुमारास सादर झाली, ती कोणी मागे घेतली नाही.