मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं : पीएचपी आणि मायएसक्यूएलची गोष्ट

आजचा भाग वेबपेजच्या मागे राबणाऱ्या एका जुन्या जोडीचा आहे. पीएचपी आणि मायएसक्यूएल. वेब डेव्हलपमेंट शिकायला निघालेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगतंच, "पीएचपी? सोड रे, जुनं झालं ते." असेल जुनं. पण ही जोडी कुणी, कशासाठी बनवली हे कळलं, की मराठीत साइट बनवताना आजही होणारे घोळ कुठून आले तेही कळतं.

आधी थोडं मागे जाऊ. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वेबपेज म्हणजे सर्व्हरवर ठेवलेली एक फाइल. शंभर पानांची साइट म्हणजे शंभर फायली. मेनूत एक शब्द बदलायचा तर शंभर ठिकाणी बदला! पान आपोआप तयार व्हायला हवं असेल तर पर्ल किंवा सी भाषेत वेगळा प्रोग्राम लिहायचा आणि सीजीआय नावाच्या पद्धतीनं तो सर्व्हरला जोडायचा. हे नवशिक्याचं काम नव्हतं.

रास्मुस लेरडॉर्फ हा ग्रीनलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात शिकलेला प्रोग्रामर. आपला ऑनलाइन रेझ्युमे कोण कोण बघतंय, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी १९९४ मध्ये त्यानं सी भाषेत छोटे प्रोग्राम लिहिले आणि ८ जून १९९५ रोजी ते सगळ्यांसाठी खुले केले. नाव ठेवलं 'पर्सनल होम पेज टूल्स'. तेच आपलं पीएचपी. नवी भाषा घडवायची असा काही बेत नव्हता. गरज पडेल तसं एकेक काम त्यात वाढत गेलं.

गंमत म्हणजे त्याच १९९५ साली स्वीडनमध्ये मायएसक्यूएल जन्माला आलं. बनवणारे मोंटी विडेनियस, डेव्हिड ॲक्समार्क आणि ॲलन लार्सन. त्यातलं 'माय' म्हणजे 'माझं' नव्हे बरं का! ते मोंटीच्या मुलीच्या नावावरून आलंय.

पुढे इस्राएलमध्ये अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की या दोन विद्यार्थ्यांना कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पीएचपी अपुरं वाटलं. त्यांनी ते मुळापासून पुन्हा लिहायला घेतलं. जून १९९८ मध्ये पीएचपी ३ आलं आणि मग गाडी सुसाट सुटली.

का सुटली? कारण शिकायला सोपं होतं. समजा, बातम्यांची साइट करायची आहे. बातम्या डेटाबेसच्या टेबलात ठेवायच्या : एक कॉलम शीर्षकाचा, एक तारखेचा, एक मजकुराचा. मग नेहमीच्या एचटीएमएल पानातच मधे पीएचपीच्या चार ओळी लिहायच्या : डेटाबेसशी जोडणी कर, शेवटच्या दहा बातम्या आण, एकेक छाप. झालं! फाइल एकच, पण बातमी बदलली की पान आपोआप बदलतं. स्वस्तातल्या होस्टिंगवरही ही जोडी तयार मिळायची. पुस्तकातला कोड उतरवून घेतला की एका संध्याकाळी पहिलं चालतं पान दिसायचं.

याच सोपेपणातून काय काय उभं राहिलं बघा. विकिपीडिया २००२ मध्ये पीएचपी-मायएसक्यूएलवर गेला. वर्डप्रेस २००३ मध्ये आलं, फेसबुक २००४ मध्ये. मराठी विकिपीडियाही २००३ साली सुरू झाला, तो याच पायावर.

आता दुसरी बाजू. सोपं शिकवताना बरंच काही गाळलं गेलं. पहिली गोष्ट सुरक्षेची. फॉर्ममध्ये माणसानं जे टाइप केलं, ते जसंच्या तसं क्वेरीत चिकटवायचं असं कित्येक धडे शिकवत होते. मग कुणी नावाच्या जागी एक अवतरणचिन्ह आणि पुढे 'किंवा एक बरोबर एक' अशा अर्थाची अट टाकली, की अट कायम खरी ठरते आणि पासवर्डशिवाय दार उघडतं. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय आहे : प्रिपेअर्ड स्टेटमेंट. यात क्वेरी वेगळी जाते, माहिती वेगळी. पण क्वेरी चिकटवायला शिकवणाऱ्या धड्यांत वापरली जाणारी जुनी फंक्शनं पीएचपीतून निघाली ती थेट २०१५ मध्ये, पीएचपी ७ आलं तेव्हा.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. मायएसक्यूएलमध्ये अक्षरांसाठी काहीच निवडलं नाही, तर ते 'लॅटिन-वन' धरायचं आणि अक्षरांचा क्रम चक्क स्वीडिश! बनवणारे स्वीडनचे, त्यामुळे त्यांच्या घरची सोय आधी. ही सवय २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत टिकली. परिणाम? कॉलम लॅटिन-वन आणि पाठवलेला मजकूर यूटीएफ-८ असा घोळ झाला, की मराठीच्या प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह साठवलं जायचं. आणि एकदा प्रश्नचिन्ह साठवलं की संपलं. पडद्यावर चुकीचं दिसणं वेगळं, इथे मूळ मजकूरच गेलेला असतो. कुणाची कविता, कुणाचा पत्ता, कुणाची तक्रार, सगळं पुसलं जातं.

पीएचपीचंही तसंच. त्यातलं लांबी मोजणारं फंक्शन 'एसटीआरलेन'. त्याला 'मराठी' हा शब्द दिला तर उत्तर येतं १५! कारण म, र, काना, ठ, वेलांटी ही पाच चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, आणि हे फंक्शन मोजतं बाइट. म्हणून शीर्षक दहावर कापायला जाल तर अक्षर मधूनच तुटतं. पीएचपी ६ मध्ये युनिकोड मुळातच आणायचा प्रयत्न झाला, पण तो २०१० मध्ये सोडून द्यावा लागला. सहावी आवृत्ती आलीच नाही. पाचनंतर एकदम सात!

मला विचाराल तर यात कुणाचा दुष्टपणा नाही. एकाला रेझ्युमे कोण वाचतंय ते बघायचं होतं, दुसऱ्यांना डेटाबेस वेगानं चालवायचा होता. ज्याची गरज, त्याच्या मापाचं साधन. आपण ते उचलतो तेव्हा आपलं माप आपणच सांगायचं असतं. टेबल बनवताना 'यूटीएफ-८ एमबी-४' निवडा. नुसतं 'यूटीएफ-८' म्हणाल तर जुन्या मायएसक्यूएलमध्ये ते तीन बाइटांवर थांबतं. मराठी मावते, पण इमोजीला लागतात चार बाइट. मग काही ठिकाणी इमोजीपासून पुढचा सगळा मजकूरच कापला जातो.

आता एक छोटा गृहपाठ. फोनवर कुठलाही ऑनलाइन पीएचपी एडिटर उघडा आणि 'आई' या शब्दाची लांबी एसटीआरलेननं मोजा. सहा आलं, तर का आलं ते आता तुम्हाला माहीत आहे. मग 'एमबी-एसटीआरलेन'नं मोजा. दोन येईल.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!