कास्तेलवेक्योमधील फट

इटलीतील वेरोना शहरातला कास्तेलवेक्यो हा चौदाव्या शतकातला किल्ला. नेपोलियनच्या काळात त्याच्या चौकात बराक उभी राहिली. १९२० च्या दशकात तिचे संग्रहालय करताना शहरातल्या पाडलेल्या वाड्यांच्या गॉथिक खिडक्या तिच्या दर्शनी भिंतीत बसवल्या आणि शिपायांची इमारत सरदारांचा प्रासाद म्हणून मिरवू लागली. सोंग खरे, पण त्याचे दगड अस्सल! १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हेनिसच्या वास्तुविद्या संस्थेतले प्राध्यापक कार्लो स्कार्पा संग्रहालयाच्या फेररचनेसाठी येथे आले, तेव्हा नव्याचे जुन्याशी नाते जोडण्याआधी ‘कोणत्या जुन्याशी?’ हे ठरवणे भाग होते.

स्कार्पांचे उत्तर सांध्यात सापडते. दालनांतली नवी फरशी भिंतीला भिडत नाही. कडेला दगडी पट्टी, मग अरुंद खोलगट फट आणि पलीकडे जुनी भिंत. जणू सतरंजी अंथरली आहे, उद्या गुंडाळताही येईल. गॉथिक कमानी त्यांनी काढल्या नाहीत. काच मात्र कमानीच्या आकारात न बसवता मागे सरकवलेल्या, निराळ्या विभागणीच्या चौकटींत बसवली. त्यामुळे कमान हा नुसता दगडी पडदा आहे, हे पाहताक्षणी कळते. सोंग तसेच राहिले, फक्त उघडे पडले.

सर्वांत मोठी फट त्यांनी इमारतीतच पाडली. तटाला भिडलेला बराकीचा टोकाचा भाग उतरवून तिथे वेरोनाचा शासक कांग्रांदे पहिला याचा चौदाव्या शतकातला अश्वारूढ पुतळा काँक्रीटच्या आधारावर उंच, जवळजवळ अधांतरी ठेवला.

संग्रहालय डिसेंबर १९६४ मध्ये पुन्हा खुले झाले. वास्तुजतनाची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद त्याच वर्षीच्या मे महिन्यातली. वास्तूत घातलेली नवी भर वेगळी ओळखू यावी आणि तिच्यावर वर्तमानाचा ठसा असावा, असे तिचे नववे कलम सांगते. इथे स्कार्पा निर्विवाद उत्तीर्ण. अकरावे कलम मात्र सर्व काळांच्या मोलाच्या भरीचा मान राखायला सांगते, आणि बराक हाही वेरोनाचा इतिहासच होता. काढलेला भाग गौण व उघडकीस येणारा मोलाचा असेल, तर कलम सूट देते. तटातला बुजलेला मध्ययुगीन दरवाजा सापडला, हा बचाव तिथे लागू पडतो. पण पुतळ्याची ती जागा इतिहासात कधीच नव्हती. ती स्कार्पांची स्वतःची रचना आहे, आणि विलक्षण सुंदर आहे. तरीही कास्तेलवेक्योचा दाखला देणाऱ्यांनी फरशीची फट नियम म्हणून घ्यावी, पुतळ्याची जागा अपवाद म्हणूनच.